बहरीनची सवत

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. पहाटे दव पडलं होतं. नऊनंतर ऊन. वारा नव्हता. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका स्पष्ट दिसतोय, असं घरच्या धाकट्या लेकीने, हिबाने, खाली येऊन सांगितलं.

मी गवत कापायची जुनी गाडी बोलतेय. पनवेलला उरण नाक्याच्या पलीकडे अब्दुल्लांचं घर आहे, त्या घराच्या जिन्याखाली माझी जागा. आधी तारीख आणि हवा सांगायची सवय मला त्यांच्यामुळेच लागली. ओलं गवत पात्यांना चिकटतं आणि दवाने लोखंड गंजतं. म्हणून मला बाहेर काढण्याआधी ते सुळका दिसतोय का ते बघायचे. दिसला तर माझा दिवस, नाहीतर मी जिन्याखाली.

त्या शुक्रवारी सुळका दिसत होता, पण मला कुणी बाहेर काढलं नाही. नाश्त्याला बसल्या बसल्या त्यांचा मुलगा शाहीद म्हणाला, "अब्बा, लॉनसाठी आता नवीन मशीन घेऊ या."

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. दोन बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चाकं, मध्ये रुळावर बसवलेली पाच वळणदार पाती, खाली एक आडवं पातं आणि ढकलायला लाकडी दांडा. इंजिन नाही, वायर नाही. माणूस चालला की माझी चाकं फिरतात, चाकं फिरली की पाती फिरतात. माणूस थांबला की मी थांबते. असं दुसऱ्याच्या पावलावर जगणं वाईट नसतं, फक्त ते पाऊल आपलं असावं लागतं.

एक गोरा साहेब मला बहरीनला घेऊन गेला. त्याच्या बंगल्याच्या बागेत अब्दुल्ला कामाला होते. वाळूच्या मुलखात पाणी पाजून पाजून त्यांनी तिथे हिरवळ उभी केली होती. साहेब मायदेशी परतला तेव्हा जाताना म्हणाला, ही तूच ठेव. तेव्हापासून मी त्यांची.

१९९८ च्या मे महिन्यात ते रजेवर आले. बाकीचे लोक तिकडून ब्लँकेट, टेपरेकॉर्डर, अत्तर घेऊन यायचे. अब्दुल्लांनी माझा दांडा सोडवला, मला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं आणि खोक्यात घालून पनवेलला आणलं. घरी त्यांची बायको सुगरा त्या खोक्याकडे डोळे लावून बसली होती. तिने पत्रातून शिलाईची मशीन मागितली होती. खोकं जड होतं, आतून लोखंड लागत होतं. शेजारच्या बायकांनाही तिने बोलावून ठेवलं होतं.

खोक्यातून मी निघाले.

सुगराने खोक्यात पुन्हा एकदा वाकून बघितलं. मग म्हणाली, "मी शिलाईची मशीन सांगितली होती. तुम्ही तिकडून ही सवत आणलीत?"

शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. माझं नाव त्या दिवशी पडलं. बहरीनची सवत.

पुढच्या रजेत शिलाई मशीनही आली, पण नाव गेलं नाही. तिकडची नोकरी सोडून कायमचे परतल्यावर दर शुक्रवारी सकाळी अब्दुल्ला मला घेऊन अंगणात उतरायचे. ओटीपासून फाटकापर्यंत बत्तीस पावलं जायचं, बत्तीस परत. मग आंघोळ, अत्तर आणि जुम्याची नमाज. महिन्यातून एकदा माझी धार. मला उलटं ठेवायचं, एमरी पावडर तेलात कालवून पात्यांना लावायची आणि रूळ उलटा फिरवायचा. धार आली का ते कागदाची पट्टी कापून बघायचं. त्यासाठी ते उर्दू वर्तमानपत्र कधी घेत नसत, त्यात अल्लाचं नाव असायचं. विजेचं जुनं बिल घ्यायचे. पट्टी सरळ कापली गेली की म्हणायचे, "शाबास."

हे "शाबास" सुगराला ऐकू जायचं.

"बिर्याणीला कधी शाबास म्हणाला नाहीत," ती स्वयंपाकघरातून म्हणायची.

मला तेव्हा बरं वाटायचं. आता ते खोटं का बोलू?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया करून त्यांचा उजवा गुडघा बदलला. गवत कापणं बंद. घरात चार पायांचा एक चकचकीत वॉकर आला आणि ओटीवर त्यांच्या खुर्चीला टेकून उभा राहिला. जन्मात एक गवताचं पातं न कापलेला तो वॉकर दिवसभर त्यांच्या हाताशी असायचा. मी जिन्याखाली होते. पण अब्दुल्ला त्याला हातही लावत नसत. व्यायाम शिकवायला पद्मजा नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. ती बिचारी विनवायची.

"काका, चालला नाहीत तर गुडघा आखडेल. मग माझ्याकडे बोट दाखवायचं नाही."

"वॉकर घेऊन अंगणात हिंडू? लोक बघतात."

"लोक बघायला येणार नाहीत, काका. गुडघा तुमचा आहे."

ते खुर्चीतून उठत नसत. आणि डिसेंबरात तर हिबाची मंगनी ठरली होती. मंगनी अंगणातच होणार होती. अब्दुल्लांनी एकच हट्ट धरला होता. मुलाकडची माणसं येतील तेव्हा त्यांना घ्यायला मी फाटकापर्यंत स्वतः जाणार. वॉकर घेऊन नाही आणि खुर्चीत बसूनही नाही.

"मग उडत जाणार का?" सुगरा विचारायची.



तर नव्या मशीनची निवड. सात तारखेपासून पंधरा दिवस रोज संध्याकाळी ओटीवर हेच. शाहीद द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला आहे. जहाजातून उतरलेला माल तो दिवसभर तपासतो, त्यामुळे खोक्यातल्या वस्तूंबद्दल आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. तो मोबाइलवर एकेक मशीन दाखवायचा आणि सगळं घर त्याच्यावर वाकायचं. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं वाकून बघितलं नव्हतं. लाल, हिरव्या, केशरी, सगळ्या तरण्याताठ्या. मला चित्रं दिसत नव्हती, नुसते उसासे ऐकू यायचे. न दिसणारी सवत जास्त सुंदर असते.

"ही पेट्रोलची बघा."

"नको," सुगरा म्हणाली. "धुराने दोरीवरचे कपडे काळे होतील."

"ही विजेवरची."

"हिला वायर आहे," हिबा म्हणाली. "पहिल्याच दिवशी भाई गवताऐवजी वायर कापेल."

तेवढ्यात अब्दुल्ला हळूच म्हणाले, "हाताने ढकलायची मिळते का रे अजून?"

मी कान टवकारले. त्यांना हाताचीच हवी होती! पण मग लक्षात आलं, हाताचीच, पण नवी. ते ऐकून जे लागलं ते पेट्रोलवालीनेही लागलं नव्हतं.

"अब्बा, तुम्हाला ढकलायचंच नाहीये," शाहीद म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले?"

शेवटी बॅटरीवरची ठरली. केशरी रंग, मागे कापलेलं गवत जमा करायची पिशवी. आता घ्यायची कुठून? पनवेलला दुकानं आहेत, मोबाइलवरून मागवली तर दोन दिवसांत दारात येते. पण या घरात एक जुना समज आहे. चांगली वस्तू तिकडून येते, सुटीवर येणाऱ्या माणसाच्या सामानातून. अब्दुल्लांच्या बहिणीचा मुलगा राहिल दुबईहून तीस तारखेला येणारच होता.

"राहिल आणेल," अब्दुल्ला म्हणाले. "तिकडचा माल तो तिकडचा."

मीही तिकडचीच होते. ते वाक्य कधीकाळी माझ्यासाठी होतं.

"आणि जुनी?" शाहीदने विचारलं.

"जिन्याखाली दोन सवती नांदायच्या नाहीत," सुगरा म्हणाली. "नवी आली की जुनी जाणार."

 दुसऱ्याच दिवशी भंगारवाला काशिराम फाटकाशी आला. त्याने मला जिन्याखालून ओढून अर्धं उचललं आणि खाली ठेवलं.

"बीडाचं हाय. आजकाल असा माल भेटत नाय. तुमी नुसती हाक मारा, मी नेतो."

त्याचा हात चांगला होता, हे मान्य करायला हवं. चार महिन्यांत मला कुणी उचललं नव्हतं.

रविवार, ३० नोव्हेंबर. हवा कोरडी, दुपारी ऊन कडक. राहिल आला. खोकं उघडलं. पातळ प्लास्टिकमधून नवी बाहेर आली तेव्हा जिन्याच्या फटीतून मला तिची एक केशरी बाजू दिसली. देखणी होती. चाकं काळीभोर, अंगावर ओरखडा नाही. सगळे तिच्याभोवती गोल उभे राहिले. सुगरानेसुद्धा तिच्या अंगावरून हात फिरवला. माझ्यावरून तिने कधी फिरवला नव्हता.

"चालू कर," अब्दुल्ला म्हणाले.

राहिलने डोकं खाजवलं. "मामू, एक लोचा झालाय. बॅटरी विमानतळावर काढून घेतली. एवढी मोठी बॅटरी विमानात चालत नाही म्हणाले."

 हिबाला हसू आवरेना.

"भाई, तू दिवसभर गोदामात लेबलं वाचतोस ना? बॅटरीचं लेबल कधी वाचलं नाहीस?"

"ती जहाजाच्या मालाची लेबलं असतात," शाहीद पुटपुटला. "विमानाचं मला कुठे ठाऊक?"

त्याने सगळीकडे फोन केले. त्या मापाची बॅटरी इथे कुणाकडे नव्हती. शेवटी ती जहाजाने मागवायचं ठरलं. दीड महिना लागणार होता. मंगनी सात दिवसांवर आली होती आणि अंगणात गवत घोट्याच्या वर गेलं होतं.

मी इतकी खूश झाले की आनंदाने दांडा करकरायचा तेवढा बाकी राहिला. नवी माझ्याशेजारी जिन्याखाली आली. बॅटरीची जागा रिकामी होती, एक चौकोनी भोक. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

पावसाळ्यानंतर एकदा येऊन गेलेल्या गवत-कटरवाल्यालाच पुन्हा आणायचं शाहीदने सुचवलं. अब्दुल्ला कडाडले, "तो गवत कापत नाही, ओरबाडतो. माझ्या पोरीच्या मंगनीला असलं अंगण?"

शुक्रवार, ५ डिसेंबर. दव कमी. साडेनऊला ऊन. सुळका दिसत होता. शाहीद कामावर गेलेला, हिबा बाजारात. सुगराने मॅक्सी वर खोचली, जिन्याखाली वाकली आणि नवीला बाजूला सारून माझा दांडा धरला.

"चल गं सवती," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय भागत नाही म्हणे."

माझ्या पात्यांवर गंजाचा थर होता. तिने शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली आणली आणि माझ्या दोन्ही चाकांत, रुळाच्या टोकांना थेंब थेंब सोडलं. ज्या मशीनच्या जागी मी आले होते, तिचं तेल. मग तिने मला ओटीसमोर उभं केलं आणि ढकललं.

मी चार हात गेले आणि अडले.

"दाब देऊ नको," अब्दुल्ला खुर्चीतून ओरडले. "तिला जाऊ दे!"

"तिला जाऊ दे म्हणे. सत्तावीस वर्षं मी तेच सांगतेय."

"अगं, दांडा खाली धर. पोटाशी."

"पोटाशी तुम्ही धरायचात. मला नाही जमत."

तिने पुन्हा ढकललं. गवत कापलं जाण्याऐवजी आडवं झोपत होतं. माझी धार गेली होती, मलाच लाज वाटली. पाचव्या हाताला जास्वंदीची एक काटकी पात्यात अडकली आणि मी जागीच थांबले.

"अशी नाही, अशी नाही! मागे घे तिला." आणि अब्दुल्ला उठले.

ते ओटीची एकुलती पायरी कठड्याला धरून उतरले आणि माझ्याकडे आले. वॉकर खुर्चीशी तसाच उभा होता. त्यांनी मला एक पाऊल मागे घेतलं, काटकी सुटली. मग दांड्याच्या उजव्या बाजूला त्यांचे हात आले. चार महिन्यांनी. डावी बाजू सुगराकडे होती.

"आता चल," ते म्हणाले.

आम्ही तिघं निघालो. ते हळू चालत होते, म्हणून माझी पाती हळू फिरत होती, म्हणून मला एकच जागा दोनदा कापावी लागत होती. सहा पावलं. दहा. चौदा पावलांवर सुगराच्या ध्यानात आलं. मला कळलं, कारण दांड्यावरची तिची मूठ एकदम घट्ट झाली.  जन्मभर एक वाक्य पोटात न ठेवलेली बाई, फाटकापर्यंत गप्प चालली.

फाटकाशी पोचलो तर पलीकडे पद्मजा उभी. अकराची तिची वेळ होती.

"काका! वॉकर कुठाय?"

अब्दुल्लांनी खाली बघितलं. मग ओटीकडे बघितलं. कितीतरी लांब होती ओटी. त्यांनी माझ्या दांड्यावर थाप मारली.

"हा काय."

सुगरा डोळे पुसत हसली. पद्मजा हसली. मला हसू आलं नाही. शुक्रवारच्या सकाळी साऱ्या अंगणावर जिचा हक्क चालायचा, तिला त्यांनी वॉकर म्हटलं होतं. तरीही ते परत फिरले तेव्हा मी त्यांच्या पावलाने, अडखळत का होईना, पूर्ण अंगण कापलं. मध्ये चार वेळा थांबून. जुम्याच्या नमाजेला उशीर झाला.

रविवार, ७ डिसेंबर. हवा थंड, आकाश स्वच्छ. मंगनी. पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी अब्दुल्ला नव्या शेरवानीत मला धरून फाटकापर्यंत गेले आणि मला जास्वंदीच्या मागे लपवून ठेवलं. गाड्या आल्या तेव्हा ते फाटकात एकटे, ताठ उभे होते. मुलाच्या वडिलांनी त्यांना मिठी मारली आणि दोघं हातात हात घालून ओटीकडे गेले. कुणाला काही कळलं नाही.

मी संध्याकाळपर्यंत जास्वंदीमागे होते. तिथून ओटी दिसायची. नवीला पुसून ओटीच्या कोपऱ्यात मांडली होती. पाहुणे थांबून तिच्याकडे बघत होते.

"तिकडची का?"

"हो, राहिलने आणली," शाहीद सांगत होता. "तिकडची."

गवत मी कापलं होतं. तारीफ त्या पोकळीची चालली होती. बॅटरीचं कुणी काढलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६. हवा कोरडी. बॅटरी आली. शाहीदने नवीला बॅटरी लावली, कळ दाबली आणि चौदा मिनिटांत सगळं अंगण झालं. एकसारखं, पिशवीत गोळा करून. मी मन लावून चूक शोधली. कुंपणाच्या कडेला दोन बोटं गवत राहिलं होतं, तेवढंच.

ठरल्याप्रमाणे त्याने काशिरामला हाक मारली. काशिरामने मला पुन्हा उचललं, या वेळी पूर्ण.

"खाली ठेव," अब्दुल्ला ओटीवरून म्हणाले.

"अब्बा, ठरलं होतं ना?"

"ती गवत कापायची राहिली नाही. ती माझी चालायची गाडी आहे."

"मंग मी काय नेऊ?" काशिरामने विचारलं.

"खुर्ची ने," सुगरा म्हणाली. "हे आता बसत नाहीत तिच्यात."

पद्मजाने फक्त एक अट घातली. पाती फिरता कामा नयेत, पाय सरकला तर भलतंच व्हायचं. अब्दुल्लांनी माझ्या दोन्ही चाकांतून पात्यांना फिरवणारे खिळे काढून सुगराच्या बटणांच्या डब्यात टाकले. आता चाकं फिरतात, पाती नुसती असतात. रोज सकाळी ते मला धरून फेऱ्या मारतात. पहिल्या दिवशी चार, मग सात, मग बारा. नवी कापते ते गवत माझ्या चाकांखाली असतं. त्याचा वास येतो. तो माझा वास होता.

तुमच्या घरी जिन्याखाली, माळ्यावर, मागच्या पडवीत माझ्यासारखी कुणी असेल, तर नवी निवडताना आवाज जरा खाली ठेवा. आम्हाला ऐकू येतं. आणि टाकायचीच असेल, तर आधी एकदा नीट हात लावून टाका. एवढंच मागणं आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी २०२६. पहाटे गारठा, नऊनंतर ऊन. सुळका स्पष्ट. गवत नवीने कापलं, वेळ चौदा मिनिटं. अब्दुल्लांनी माझ्या आधाराने सतरा फेऱ्या मारल्या. अठराव्या फेरीत, फाटकावरून परतताना, अंगणातल्या चाफ्यापाशी त्यांनी माझ्या दांड्यावरून दोन्ही हात काढून घेतले. चाफ्यापासून ओटीपर्यंत एकोणीस पावलं आहेत. ती ते एकटे चालले. सुगराने मला जिन्याखाली नेऊन ठेवलं. नवी पुढे, मी मागे.